नागली, चवळी आणि घरचा बर्गर

सायंकाळी चारोटी नाक्यावर उभे राहिले म्हणजे मुंबई-अहमदाबाद महामार्गावरील गाड्यांची रांग तुटता तुटत नाही. डहाणूकडून येऊन कासामार्गे जव्हारकडे जाणारा रस्ता याच ठिकाणी महामार्गाला छेदतो, त्यामुळे येथे उतरणारी, चढणारी, वाट पाहणारी माणसे नेहमीच असतात. आम्ही लहान असताना या माणसांसाठी नाक्यावर चहा, भजी आणि वडापाव एवढेच मिळत असे. आता तेथे बर्गरही मिळतो. शाळा-कॉलेजातून सुटलेली मुले पैसे गोळा करून तो घेतात आणि तिघांत मिळून खातात. यात वाईट काही नाही. नव्या पदार्थाची चव मुलांनी नाही घ्यायची तर कोणी घ्यायची?

परंतु आमच्या घरी त्याच सुमारास दुसरी एक गोष्ट घडू लागली. कन्येच्या डब्यातील नागलीची भाकरी न खाता परत येऊ लागली. दोन-तीन दिवस आम्ही लक्ष दिले नाही. मग विचारले, तेव्हा ती म्हणाली, "पप्पा, ती काळी भाकरी काढली की मुली बघतात. मला नको देऊ."

आम्हाला राग आला नाही. वाईट मात्र वाटले, कारण चाळीस वर्षांपूर्वीचे आमचेच शब्द तिच्या तोंडून आम्ही ऐकत होतो. ज्यांच्या डब्यात गव्हाची पोळी असे त्यांच्यापासून थोडे दूर, भिंतीकडे तोंड करून आम्ही भाकरी खाल्लेली आहे. नागली म्हणजे गरिबाचे धान्य आणि ते खाणारा तो खालचा, हे कोणी शिकवावे लागत नसे. वारली घरातील मुले आणि आमच्या वस्तीतील मुले या एका बाबतीत सारखीच होती. पुढे २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी पौष्टिक तृणधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले आणि शहरातील दुकानांत नागलीची बिस्किटे सुबक खोक्यातून आली. तेव्हा आम्हाला हसावे की काय करावे ते कळेना.

असो. मुलीला रागावून भाकरी तिच्या पोटात जाणार नव्हती. तिला बर्गर हवा होता. तेव्हा आमच्या सौ.नी आणि आम्ही ठरविले की बर्गरच करावयाचा, मात्र त्याच्या पोटात आपले धान्य आणि आपले कडधान्य घालावयाचे. या खटाटोपात आम्ही जे शिकलो, चुकलो आणि पुन्हा शिकलो ते संस्थेच्या सभासदांना व विद्यार्थ्यांना उपयोगी पडेल असे वाटल्यावरून हा लेख लिहीत आहोत.

प्रथम बर्गर म्हणजे काय ते पाहू. हॅम्बुर्ग या जर्मन शहराच्या नावावरून हा शब्द आला आणि अमेरिकेत तो पदार्थ रूढ झाला. मूळचा बर्गर म्हणजे खिम्याची चपटी टिक्की, गोल पावात घातलेली. खिम्याऐवजी धान्य-कडधान्याची टिक्की घालण्याची कल्पना परदेशातही जुनीच आहे. १९८२ साली लंडनमध्ये ग्रेगरी सॅम्स यांनी असे कोरडे मिश्रण पाकिटातून विकावयास आणले होते. आपल्याकडे १९९६ साली मॅकडोनाल्ड्सची दुकाने दिल्ली-मुंबईत उघडली आणि येथे बर्गर म्हटले की पुढे बटाट्याचीच टिक्की डोळ्यांसमोर येऊ लागली.

पावाचे म्हणाल तर तो आमच्या किनाऱ्याला नवा नाही. शब्दच पोर्तुगीज आहे. १५३४ ते १७३९ अशी दोनशे वर्षे वसई पोर्तुगीजांकडे होती. तेव्हा परका कोण आणि घरचा कोण, याचा वाद पावाच्या बाबतीत तरी घालू नये. टिक्कीही तशी आपलीच. वडा, कटलेट, शामी कबाब, थालीपीठ ही सारी तिची भावंडे होत. त्यांतही थालीपीठ सर्वांत जवळचे, कारण त्याच्या भाजणीत तांदूळ, ज्वारी, बाजरी यांच्या जोडीला हरभरा आणि उडीद असतात. ज्या कोणा आजीबाईने ही भाजणी प्रथम केली तिला प्रथिनांचे शास्त्र ठाऊक नव्हते, परंतु तिने केले ते शास्त्राला धरूनच होते.

ते शास्त्र थोडक्यात असे. आपले शरीर प्रथिने जशीच्या तशी वापरीत नाही. त्यांचे लहान घटक सुटे करून त्यांतून ते आपले स्नायू आणि रक्त घडविते. या घटकांना अमिनो आम्ले म्हणतात. त्यांपैकी काही शरीराला स्वतः तयार करता येत नाहीत, ती अन्नातूनच यावी लागतात. तांदूळ, नागली, गहू यांत लायसिन नावाचे आम्ल कमी पडते. चवळी, वाल, तूर, हरभरा यांत ते भरपूर असते, परंतु त्यांत मेथिओनिन कमी असते आणि ते धान्यात, विशेषतः नागलीत, चांगले असते. एकाची उणीव दुसरा भरून काढतो. दोन्ही एकाच घासात असावीत असे पूर्वी सांगत. आता तज्ज्ञांचे मत असे आहे की दिवसभराच्या जेवणात मिळून ती आली तरी पुरे. परंतु मुलाच्या दिवसभराच्या जेवणाचा भरवसा कोणी द्यावा? एकाच टिक्कीत दोन्ही घातली की आपण निश्चिंत.

आमच्या भागातील शेतकऱ्याला ही जोडी पानात नव्हे तर शेतातच दिसते. डोंगरउताराच्या वरकस जमिनीत नागली आणि वरई, भाताच्या बांधावर तूर, आणि भात निघाल्यावर ओलीवर वाल. कडधान्याच्या मुळांवरील गाठींत राहणारे जिवाणू हवेतील नत्र जमिनीत आणतात आणि तृणधान्य त्यावर पोसते. शेतात जे एकमेकांना सांभाळतात ते पोटातही सांभाळतात, असे म्हणावयास हरकत नाही.

आकडेही सांगावयास हवेत, कारण आम्ही बँकेत आकड्यांवरच जगतो. शंभर ग्रॅम नागलीत प्रथिने सुमारे ७ ग्रॅम असतात, म्हणजे तांदळाइतकीच. परंतु कॅल्शियम ३४० ते ३६० मिलिग्रॅम असते. पांढऱ्या तांदळात ते १० मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे नसल्यासारखेच. शंभर ग्रॅम सुक्या चवळीत प्रथिने २० ग्रॅमच्या वर असतात. उलट बटाट्याच्या नव्वद ग्रॅमच्या टिक्कीत ती जेमतेम दीड-दोन ग्रॅम भरतात. पुढे दिलेल्या प्रमाणाने केलेल्या आमच्या एका टिक्कीत ढोबळ हिशेबाने साडेपाच ग्रॅम येतात, पावातील वेगळी.

१९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे बालके कुपोषणाने दगावली, त्याची आठवण या भागातील जुन्या माणसांना अजून आहे. कुपोषणाचे मूळ दारिद्र्यात आहे, पावसाळा संपताच वीटभट्टीवर आणि बांधकामावर जावे लागणाऱ्या स्थलांतरात आहे. टिक्की करून ते जाणार नाही, हे आम्हाला कळते. परंतु ज्यांच्या घरात आज डाळ आणि धान्य दोन्ही आहे, त्यांच्याही मुलांचे पोट मैदा आणि बटाट्याने भरत असेल, तर तेवढे तरी आपल्या हातात आहे.

आता आमच्या पहिल्या प्रयत्नाची फजिती सांगतो. चवळी कुकरमध्ये चांगली पाच शिट्ट्या देऊन मऊ शिजविली, मिक्सरमधून काढली, त्यात नागलीचे पीठ कोरडेच मिसळले, कांदा-मीठ घातले आणि टिक्क्या थापल्या. तव्यावर टाकल्या आणि उलथने घातले तो सगळे पिठल्यासारखे पसरले. सौ.नी आणखी पीठ घातले. मग त्या फुटेनात, परंतु आतून कच्च्या आणि घशाला कोरड्या लागल्या. कन्येने एक घास खाऊन ताट बाजूला सारले.

आमची आई ओट्याशी उभी राहून हे पाहत होती. ती म्हणाली, "अरे, नागली काय गव्हासारखी आहे का? कोरडं पीठ कसं धरेल? अगं, आधी उकड काढ ना."

सर्व मर्म या वाक्यात आहे. गव्हाच्या पिठात पाणी घालून मळले की ग्लुटेन नावाचे प्रथिन ताणले जाऊन चिवट जाळे तयार होते, म्हणून पोळी लाटता येते. नागलीत आणि तांदळात ते नाही. त्यांच्यातील पिष्टाला चिकटपणा येतो तो उष्णतेने. उकळत्या पाण्यात पिष्टाचे कण पाणी पिऊन फुगतात, फुटतात आणि खळीसारखे होतात. निवल्यावर तीच खळ घट्ट होते. तांदळाची भाकरी करणारी प्रत्येक बाई उकड काढताना हेच करीत असते. शहरातील पाककृतींत टिक्की बांधण्यासाठी अंडे किंवा पावाचा चुरा सांगतात. अंडे उष्णतेने गोठून धरून ठेवते हे खरे, आणि आमच्या घरी अंड्याचे वावडेही नाही. आम्ही येथे शाकाहाराचा प्रचार करीत नाही, बोंबील-सुकट आम्हालाही आवडते. परंतु वर्षावासाच्या तीन महिन्यांत आपल्या पुष्कळ घरांत मांसमच्छी बंद असते, आणि कार्यक्रमाला तर सर्वांना चालेल असेच करावे लागते. अशा वेळी उकड अंड्याचे काम करते.

दुसरी चूक पाण्याची. चवळी फार शिजली आणि मिक्सरमध्ये तिचा लगदा झाला. लगद्यातील पाण्याची तव्यावर वाफ होते आणि ती बाहेर पडताना टिक्की फोडते. म्हणून चवळी बोटाने चेपली असता चेपावी, परंतु सालासकट अखंड राहावी, इतकीच शिजवावी. मिक्सर नको. डावाच्या पाठीने किंवा हाताने दोन भाग ठेचावी, एक भाग तशीच ठेवावी. ठेचलेला भाग धरून ठेवतो आणि अखंड दाणे दाताखाली येतात. खिम्याच्या बर्गरमध्ये जो चावण्याचा आनंद असतो तो येथे या दाण्यांतून मिळतो. हे नसेल तर मुले म्हणतात, "हे तर पुरण आहे."

आता प्रमाण. चवळी पाव किलो. रात्री भिजवून सकाळी कुकरमध्ये दोन शिट्ट्या. चाळणीत निथळून अर्धा तास स्वच्छ फडक्यावर पसरून ठेवावी. निथळलेले पाणी फेकू नये, आमटीला उत्तम. तांदळाची कणी शंभर ग्रॅम, मऊ शिजवून. येथे आख्खा कोलम वाया घालवू नये. त्याचा गुण दाणा सुटा राहण्यात आहे आणि आपल्याला तर चिकटलेला हवा. कणी स्वस्तही पडते. नागलीचे पीठ पाऊण वाटी. ते आधी कोरडे भाजावे, खमंग वास आला की उतरवावे. मग जवळजवळ तेवढेच पाणी मीठ घालून उकळावे, त्यात पीठ घालून ढवळावे, झाकण ठेवून मंद आचेवर दोन मिनिटे वाफ आणावी. ही उकड कोमट असतानाच मळून चवळीत आणि भातात मिसळावी. गार झाली तर गुठळ्या राहतात.

याशिवाय कांदा एक मोठा, अगदी बारीक चिरून, मीठ लावून, पिळून. न पिळलेला कांदा नंतर पाणी सोडतो आणि सगळी मेहनत फुकट जाते. मूठभर शेंगदाण्याचे कूट, आले-लसूण-मिरचीचा ठेचा, धने-जिरे पूड, हळद. शेवग्याचा कोवळा पाला मिळाला तर दोन मुठी चिरून घालावा. आमच्याकडे शेवगा दारातच असतो आणि तरीही आपण त्याच्या फक्त शेंगा खातो. वरून लिंबू पिळावे. ते चवीसाठी आहेच, पण धान्य-कडधान्यातील लोह शरीरात शोषले जाण्यासही लिंबातील क जीवनसत्त्वाने मदत होते.

मिश्रण झाकून अर्धा तास ठेवावे. घाई करू नये, या अर्ध्या तासात खळ घट्ट होत असते. मग ओल्या हाताने अर्धा इंच जाडीच्या टिक्क्या थापून कडा दाबून बंद कराव्यात. पातळ केल्यास मोडतात आणि जाड केल्यास आतून निवलेल्या राहतात. लोखंडी तव्यावर चमचाभर तेल सोडून मध्यम आचेवर पाच-सहा मिनिटे एका बाजूने भाजाव्यात. टिक्की तयार झाली की तवा स्वतःच तिला सोडतो. तोवर उलथने लावू नये, ही अट पुरुष मंडळींसाठी विशेष आहे. एवढ्यात चौदा टिक्क्या होतात. नाक्यावरच्या तीन बर्गरच्या पैशात घरी पावासकट चौदा, असा आमचा हिशेब निघाला.

चवळीऐवजी दुसरे काय? वाल चांगले, पण ते मोड आणून सोललेले असावेत, नाहीतर कडवटपणा राहतो. काळे हरभरे चालतात, मात्र त्यांना ठेचणे जड जाते. तूर शिजून वरण होते, म्हणून ती एकटी नको. उडीद भिजवून वाटला की मुळातच चिकट, दोन चमचे घातल्यास उकड थोडी कमी चालते. कुळीथ शिजावयास फार वेळ घेतो, त्याचे पिठलेच बरे. राजमा वापरणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या राजम्यात पोट बिघडविणारे एक विषारी द्रव्य असते. तो रात्रभर भिजवून, ते पाणी टाकून, नव्या पाण्यात खळखळ उकळून पूर्ण मऊ शिजवावाच लागतो. मंद आचेवर कोमट ठेवून ते द्रव्य जात नाही. कोणतेही कडधान्य मोड आणून घेतले तर पचण्यास हलके होते आणि त्यातील लोहही अधिक लागू पडते.

पावावर लावावयास बाजारातील पांढरे मेयॉनीज आणण्याची गरज नाही. दही फडक्यात बांधून केलेला चक्का, त्यात लसूण आणि मीठ. किंवा खुरासणीची चटणी, जी आमच्या मते या टिक्कीसाठीच जन्माला आली आहे. आईने तर पाव बाजूला ठेवून दोन लहान भाकऱ्यांच्या मध्ये टिक्की घालून खाल्ली.

आता एक अपराध कबूल करावयाचा आहे. २०२३ साली विद्यार्थ्यांच्या गुणगौरवाच्या कार्यक्रमासाठी अल्पोपाहार आम्ही अंगावर घेतला. सकाळी गडबड नको म्हणून आदल्या रात्रीच मिश्रण करून ते गरम असतानाच दोन मोठ्या डब्यांत दाबून भरले आणि झाकणे लावून ओट्यावर ठेवले. उन्हाळ्याची रात्र. सकाळी डबा उघडला तर आंबूस वास आला आणि मिश्रण हाताला तार सुटल्यासारखे लागले. सौ. म्हणाल्या, "भाजल्यावर कळणार नाही कुणाला." परंतु त्यांच्याही मनात ते नव्हते. आम्ही दोन्ही डबे खड्ड्यात पुरले आणि मुलांना चहा-बिस्किटांवर समाधान मानावे लागले. त्या दिवशी सभागृहात मुलांच्या डोळ्याला डोळा देणे आम्हाला जड गेले.

कारण नंतर समजले. तांदळात काही जंतूंची बीजे असतात जी शिजवूनही मरत नाहीत. भात ऊबेत तासन्‌तास राहिला की ती जागी होतात, वाढतात आणि विष सोडतात. ते विष पुन्हा भाजल्यानेही जाईल याची खात्री नसते. म्हणजे सौ.चे ऐकले असते तर पन्नास-साठ मुलांची पोटे बिघडली असती. तेव्हापासून आमचा नियम असा: रात्री फक्त चवळी भिजवावयाची, कूट करून ठेवावयाचे, नागली भाजून ठेवावयाची. शिजविणे सर्व पहाटे. शिजलेले परातीत पसरून लवकर निववावयाचे, आणि टिक्क्या भाजल्यापासून दोन तासांच्या आत ताटात. उरलेले मिश्रण ठेवावयाचेच असेल तर लगेच फ्रिजमध्ये, उथळ भांड्यात, आणि दुसऱ्या दिवशी संपवावयाचे.

कन्येचे काय झाले, असे वाचक विचारतील. एका शनिवारी तिने डब्यात चार टिक्क्या आणि पाव नेले. डबा रिकामा आला. मैत्रिणींनी विचारले, हे कशाचे? ती आधी म्हणाली, चवळीचे. मग म्हणाली, "आणि नागलीचे." एकीने सांगितले की आमच्याकडेही नागली असते, आजी करते. दुसऱ्या सोमवारी तीन डब्यांत भाकरी होती असे कन्या सांगते. आमची खात्री नाही, पण तिचा डबा आता रिकामा येतो हे आम्ही रोज पाहतो.

यंदाच्या कार्यक्रमास ज्यांना हे करावयाचे असेल त्यांच्यासाठी शंभर टिक्क्यांचे साहित्य असे: चवळी पावणेदोन किलो, तांदळाची कणी सातशे ग्रॅम, नागलीचे पीठ साडेपाचशे ग्रॅम, कांदे पाऊण किलो, शेंगदाण्याचे कूट पाव किलोहून थोडे जास्त, शेवग्याचा पाला मिळेल तेवढा, तेल सुमारे अर्धा किलो. माणसे सहा, त्यांतील निदान दोन उकड येणारी. दोन मोठ्या पराती आणि एक लोखंडी तवा आमच्या घरी आहे, तो भाड्याने आणू नये. कामाला पहाटे साडेचारला लागावे लागेल.